फोरहँडची मशागत

टेनिस खेळणाऱ्या गृहस्थास त्याच्या खेळातील उणे कोणते असे विचारले, तर तो बहुधा बॅकहँडचे नाव घेतो, त्याखालोखाल दुसऱ्या सर्व्हिसचे, आणि एखादा विशेष प्रांजळ असला तर आपल्या सुटलेल्या पोटाचे. परंतु फोरहँडविषयी फिर्याद गुदरणारा खेळाडू, निदान आपल्याकडील क्लबांतून, सहसा आढळत नाही. सर्वांचे फोरहँड चांगले असतात म्हणून असे होते, असे कोणत्याही क्लबाच्या कट्ट्यावर अर्धा तास बसलेला मनुष्य म्हणणार नाही. हा फटका आपल्याला कोणी शिकविलेला नसून तो जन्मतःच आपल्या हातात होता, अशी प्रत्येकाची समजूत असते, आणि जी वस्तू निसर्गाने दिली तिची तपासणी करण्याचा अधिकार मार्करास किंवा प्रशिक्षकास नाही, असे तो मनोमन धरून चालतो. लहानपणी रॅकेट प्रथम हाती आली तेव्हा उजवीकडे आलेला चेंडू त्याने कसाबसा जाळीपार केला होता. पुढील वीस वर्षांत त्या कसाबसा परतविण्याची सवय झाली, सवयीस शैली असे नाव मिळाले, आणि शैलीविषयी अभिमान वाटू लागला. प्रस्तुत पुस्तक अशा अभिमानी वाचकांसाठी लिहिले गेले आहे, आणि ते लिहिणारे गृहस्थ आयुष्यभर दुसऱ्यांचे फोरहँड दुरुस्त करीत आले असल्यामुळे त्यांच्या लिखाणात कोठेही भिडेचा अंश नाही.

फोरहँड ही निसर्गदत्त देणगी होय, ह्या समजुतीला खेळाचा इतिहास मात्र दुजोरा देत नाही. ज्या फोरहँडच्या बळावर स्पेनच्या राफाएल नदालने पॅरिसच्या लाल मातीवर १४ वेळा अजिंक्यपद मिळविले तो डाव्या हाताचा आहे, आणि नदाल लिहितो उजव्या हाताने. लहानपणी तो दोन्ही अंगांचे फटके दोन्ही हातांनी मारीत असे, तेव्हा हा जगप्रसिद्ध फटका पुढे समजूनउमजून घडविलेला आहे हे उघड आहे. उलटपक्षी ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल जन्माने डावखुरा. वडिलांनी त्यास उजव्या हाताने खेळावयास लावले, आणि त्याचा बॅकहँड त्या काळच्या सर्वोत्कृष्ट फटक्यांत गणला गेला. १९५३ साली चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकणारी पहिली स्त्री मॉरीन कॉनोली, हीदेखील मूळची डावखुरीच. शिक्षणाचा अंमल निसर्गावर किती दूरवर चालतो, ह्याला आणखी साक्षीपुराव्याची गरज नसावी.

परंतु शिक्षण घ्यावयाचे तर प्रथम उणीव मान्य केली पाहिजे, आणि येथेच बॅकहँड व फोरहँड ह्यांच्या नशिबात फरक पडतो. १९१९ च्या अमेरिकन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात बिल जॉन्स्टनने बिल टिल्डनचा दुबळा बॅकहँड हेरून त्यास सरळ सेटमध्ये गारद केले. तेव्हा टिल्डनने पुढचा सगळा हिवाळा प्रॉव्हिडन्स येथील एका बंदिस्त कोर्टावर तोच एक फटका मुळापासून नव्याने बांधण्यात खर्ची घातला, आणि १९२० साली विम्बल्डन व अमेरिका ही दोन्ही अजिंक्यपदे पदरात पाडून घेतली. ही हकीकत टेनिसच्या प्रत्येक जाणकारास ठाऊक असते, ती तो नवशिक्यांना रंगवून सांगतोही, आणि सांगून झाल्यावर स्वतःचा फोरहँड होता तसाच ठेवून कोर्टावर उतरतो.

आता फटक्याच्या अंतरंगाकडे वळू. कोर्टाची लांबी ७८ फूट. जाळी मध्यभागी ३ फूट उंच आणि खांबांपाशी साडेतीन. बेसलाइनवर उभ्या असलेल्या खेळाडूने कमरेच्या सुमारास, समजा एक मीटर उंचीवर, आलेला चेंडू जमिनीस समांतर आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने मारला, तर जाळीपर्यंतचे जवळजवळ १२ मीटरचे अंतर तोडण्यास त्या चेंडूस सेकंदाच्या चार-दशांशाहून थोडा अधिक अवधी लागेल, आणि तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षण त्यास ९० सेंटिमीटर खाली ओढील. म्हणजे तो जाळीच्या पायथ्याशी जाऊन आदळेल. बरे, वेग वाढवून ताशी १५० किलोमीटर केला तरी चेंडू ४० सेंटिमीटर खाली येतोच, आणि जाळीची मध्यभागीची उंची ९१ सेंटिमीटर असल्यामुळे हाही फटका जाळीतच जातो. हवेचा अवरोध हिशेबात धरला तर स्थिती आणखी बिकट होते. असे असूनही जोरदार फटका म्हणजे वरून खाली हाणलेला फटका, अशी कल्पना बाळगणारे खेळाडू प्रत्येक क्लबात असतात, आणि चेंडू जाळीत गेला की ते जाळीकडे रागाने पाहतात. बेसलाइनवरून कमरेच्या उंचीचा चेंडू मारताना त्यास वरच पाठवावे लागते; प्रश्न एवढाच की, वर गेलेला चेंडू पलीकडच्या रेषेच्या आत उतरावा कसा.

ह्या प्रश्नाचे उत्तर फिरकीत आहे. चेंडू पुढे जाताना त्याचा माथाही पुढच्या बाजूस फिरत राहिला, तर हवेशी होणाऱ्या घर्षणामुळे त्यावर खाली ढकलणारे बल निर्माण होते आणि त्याची वाट गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा अधिक वेगाने वाकते. हिलाच आपण टॉपस्पिन म्हणतो. फिरकीचे हे वर्तन कोर्टापेक्षा अभ्यासिकेत आधी ओळखले गेले. तिरक्या रॅकेटने मारलेल्या टेनिसच्या चेंडूची वाट वाकते, हा उल्लेख न्यूटनने १६७२ साली प्रकाशाविषयी लिहिलेल्या पत्रात केलेला आहे. तो चेंडू अर्थात् त्या काळच्या बंदिस्त राजेशाही टेनिसचा. ज्या १८७७ साली विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली, त्याच साली लॉर्ड रेली ह्या पदार्थवैज्ञानिकाने टेनिसच्या चेंडूच्या अनियमित गतीवर निबंध प्रसिद्ध केला. आणि १८८७ चा विम्बल्डन-विजेता हर्बर्ट लॉफर्ड तर टॉपस्पिनच्या फोरहँडसाठीच नावाजलेला होता. तेव्हा टॉपस्पिन हे अलीकडचे थेर आहे, असे म्हणणाऱ्या वयोवृद्ध सभासदांनी एकदा जुनी दप्तरे चाळावीत.

फिरकी द्यावयाची कशी, ह्याविषयी मात्र फार काळ गफलत चालू होती, आणि अद्यापि ती पुरती निवळलेली नाही. मनगट उलथे करून रॅकेट चेंडूवरून फिरवावी, जणू तो चेंडू झाकून टाकावयाचा आहे, असा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या होत आला. अतिवेगवान चित्रणाची साधने उपलब्ध झाल्यावर मात्र असे दिसून आले की, चेंडू तारांवर असतो तो अवघा चार-पाच सहस्रांश सेकंद. एवढ्या अवधीत रॅकेट चेंडूवरून फिरविणे कोणत्याही मनगटाच्या आवाक्यातले नाही, इतकेच नव्हे तर चेंडू लागल्याची वर्दी हातावरून मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो तारांवरून निघून गेलेला असतो. उत्तम खेळाडूंच्या रॅकेटचा चेहरा चेंडूला भिडताना जवळजवळ उभाच असतो, आणि फिरकी येते ती रॅकेट खालून वर तिरकी येते म्हणून. मनगट उलथे झालेले दिसते ते चेंडू निघून गेल्यावर, हाताच्या स्वाभाविक गतीने. पाहणाऱ्याने परिणामास कारण मानले, आणि त्या एका चुकीपायी कित्येकांची मनगटे दुखावली. मुंबईत जन्मलेल्या व हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झाने ज्या सणसणीत फोरहँडच्या जोरावर २००५ साली अमेरिकन ओपनची चौथी फेरी गाठली, त्यातील मनगटाची लवचीक झेप पाहून आपल्याकडील मुलींनी तिचे अनुकरण सुरू केले. त्याच उजव्या मनगटावर २००८ साली शस्त्रक्रिया करावी लागली, हे अनुकरण करणारांच्या आईबापांनीही ध्यानात ठेवावे.

फिरकीच्या प्रमाणाविषयी चित्रणावरून ज्या मोजण्या झाल्या त्यांत सॅम्प्रास आणि आगासी ह्यांच्या फोरहँडला मिनिटास सरासरी सुमारे १८०० ते १९०० फेरे, फेडररच्या फटक्यास २५०० आणि नदालच्या फटक्यास ३२०० आढळले. ह्या वाढीचे श्रेय केवळ मनुष्यास देता येत नाही. १९९७ साली ब्राझीलच्या गुस्ताव्हो क्युर्तेनने पॅरिसची स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या रॅकेटमधील पॉलिएस्टरच्या गटिंगकडे सर्वांचे लक्ष गेले. ह्या तारा चेंडूबरोबर बाजूला सरकतात आणि चटकन जागेवर परततात, त्या परतण्यात चेंडूस जास्तीचा फेरा मिळतो. आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्या चाळिशीतल्या वाचकाने मात्र हे गटिंग न घालणेच श्रेयस्कर. ते कडक असते, लवकर मरते, आणि मेल्यावर सगळा धक्का कोपराकडे पोहोचवते.

पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात पकडीचा विचार आहे, आणि सबंध ग्रंथात मला ते प्रकरण अधिक मोलाचे वाटते. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. रॅकेट कडेवर उभी धरली असता जो पैलू वर येतो तो पहिला मानून, उजव्या हाताने खेळणाराने मुठीच्या बुडाकडून पाहत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजत जावे. तर्जनीच्या मुळाशी असलेले हाड दुसऱ्या पैलूवर टेकले की कॉन्टिनेंटल पकड होते, तिसऱ्यावर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न आणि पाचव्यावर वेस्टर्न. ही विगतवारी वाचताना रुक्ष वाटेल; परंतु ह्या चार पैलूंमध्ये टेनिसचा अर्धा भूगोल सामावलेला आहे. इंग्लंडच्या ओलसर हिरवळीवर चेंडू टप्पा पडल्यावर वर उठतच नाही, गुडघ्याखालून घसरत पुढे जातो. त्याला खालून उचलण्यास कॉन्टिनेंटल पकड सोयीची. फ्रेड पेरीने १९३४ ते १९३६ ही सलग तीन वर्षे विम्बल्डन जिंकले ते ह्याच पकडीने, चेंडू टप्प्यावरून वर येत असतानाच गाठून. तो १९२९ चा टेबल टेनिसचा जगज्जेता होता हे लक्षात घेतले म्हणजे त्या घाईचे मूळ सापडते. कॅलिफोर्नियात मात्र कोर्टे सिमेंटची, तेथे चेंडू खांद्यापर्यंत उसळी मारतो. तेथील मुलांचा हात मुठीखाली सरकत सरकत वेस्टर्नपर्यंत गेला. त्या मातीत घडलेली मे सटन १९०५ साली विम्बल्डन जिंकून गेली, आणि टिल्डनचा तो प्रतिस्पर्धी जॉन्स्टन, देहयष्टीने अगदी लहानखुरा, खांद्याच्या उंचीवरचा चेंडू ज्या त्वेषाने मारी तो ह्याच पकडीच्या जोरावर.

म्हणजे पकड ही स्वभावाची बाब नसून टप्प्याची आहे. ज्या उंचीवर चेंडू भेटतो ती उंची ठरविते की हाड कोणत्या पैलूवर बसावे. ह्या नियमाला ब्यॉर्न बोर्गने मोठाच अपवाद करून दाखविला. १९७६ ते १९८० अशी पाच वर्षे त्याने वेस्टर्नच्या वळणाची पकड आणि लाकडी रॅकेट घेऊन, जेथे तिचा निभाव लागणे अशक्य असे तज्ज्ञ सांगत त्या विम्बल्डनच्या हिरवळीवरच राज्य केले. पण त्यासाठी जे पाय लागतात ते त्याच्यापाशी होते, आणि ते पाय पकडीबरोबर फुकट मिळत नाहीत. पुढे २००१ साली विम्बल्डनच्या गवताची जात बदलून संपूर्ण रायग्रास पेरण्यात आले, टप्पा वर आला, आणि बेसलाइनवाल्यांना तेथे हक्काची वहिवाट मिळाली.

पायांविषयीचे प्रकरण वाचकास कंटाळवाणे वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याची शिफारस येथे जरा जोराने करतो. लाल मातीच्या कोर्टावर सकाळी पाणी मारून, रोलर फिरवून, चुन्याच्या रेषा आखून झाल्यावर दोघांना तासभर खेळू द्यावे, आणि ते चहाला गेले म्हणजे बेसलाइनच्या मागील माती वाचावी. ज्याचा फोरहँड भरवशाचा आहे त्याच्या बाजूस बुटांच्या आखूड, दाट, एकमेकांवर चढलेल्या खुणा सापडतील, कारण तो चेंडूपाशी पोहोचल्यावरही अंतर बेतण्यासाठी तीन-चार बारीक पावले टाकतो. दुसऱ्याच्या बाजूस थोड्या, लांब आणि खोल खुणा असतील. तो दोन ढांगांत पोहोचतो, तेथे रुततो, आणि मग चेंडू जवळ आला तर कोपर आखडून, दूर गेला तर हात ताणून, काहीतरी करतो. तो ज्याला हाताचा दोष म्हणतो त्याची नोंद मातीत झालेली असते. त्याची रॅकेट पाहिली तरी हेच कळते: चेंडूची पिवळी लव तारांच्या मध्यावर एका पुंजक्यात न चिकटता सबंध चेहऱ्यावर विखुरलेली असते.

पाय जागेवर आले की पुढचे काम खांद्यांचे. प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवरून चेंडू सुटल्यापासून आपल्यापर्यंत येण्यास एक-दीड सेकंद मिळतो, आणि त्यातील पहिल्या भागातच, चेंडूने जाळी ओलांडण्यापूर्वी, खांदे वळून पूर्ण झाले पाहिजेत. नुसता हात मागे नेणे म्हणजे वळणे नव्हे. ह्यासाठी लेखकांनी डाव्या हाताचा जो उपाय सांगितला आहे तो साधा आणि अमोघ आहे: रॅकेटच्या गळ्यावरील डावा हात लवकर सोडू नये, त्या हातानेच रॅकेट मागे ढकलावी, म्हणजे खांदे वळल्यावाचून गत्यंतरच उरत नाही. जोंधळ्याच्या राखणीस माळ्यावर उभ्या असलेल्या राखणदाराची गोफण ज्याने पाहिली आहे त्यास पुढील क्रम समजावून सांगावा लागणार नाही. जोर पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यात येतो, आणि धोंडा ज्या दोरीत असतो ती दोरी सर्वांच्या शेवटी सुटते. रॅकेट मागे रेंगाळली पाहिजे, ती आपण होऊन पुढे ओढता कामा नये. आणि चेंडू अंगाच्या पुढे, नजरेच्या टप्प्यात, गाठला पाहिजे. अखेरीस रॅकेट खांद्यावर संपते की कमरेपाशी, ह्याची चर्चा लेखकांनी दोन पानांत केली आहे. ती एका परिच्छेदात आटोपली असती तरी चालले असते.

चांगला फोरहँड म्हणजे जोराचा फोरहँड, हे समीकरणही एकदा तपासून पाहण्याजोगे आहे. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले, आणि त्यांच्या फटक्यांच्या जोराची स्तुती कोणीही केल्याचे ऐकिवात नाही. ती होते वेळेच्या अचूकपणाची आणि चेंडू हव्या त्या जागी ठेवण्याच्या हातोटीची. क्लबातील खेळाडूस तर भूमितीही साहाय्यास उभी आहे. सिंगल्सच्या कोर्टाची रुंदी २७ फूट धरता कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी वाट साडेब्याऐंशी फुटांची होते, म्हणजे सरळ वाटेपेक्षा साडेचार फूट अधिक. शिवाय ती जाळीच्या मध्यावरून, जेथे उंची सहा इंच कमी आहे, तेथून जाते. इतकी सवलत असताना जो पहिल्याच चेंडूस डाउन द लाइन मारू पाहतो, त्याच्या शौर्याविषयी मला आदर आहे, परंतु डबल्समध्ये तो माझा जोडीदार नसावा.

बालेवाडीस २०१८ पासून काही वर्षे जागतिक दर्जाची पुरुषांची स्पर्धा भरली आणि पुण्यामुंबईच्या रसिकांना हे सर्व हाकेच्या अंतरावरून पाहावयास मिळाले. परंतु बहुतेकांच्या माना चेंडूबरोबर डावीउजवीकडे फिरत राहिल्या. अशा सामन्यात एक सबंध गेमभर चेंडूकडे दुर्लक्ष करून एकाच खेळाडूचे पाय आणि डावा हात पाहावेत, ही लेखकांची सूचना दूरचित्रवाणीवर पाळता येत नाही, कारण तेथे नजर कॅमेऱ्याच्या ताब्यात असते.

फटका बदलण्यास मुदत किती लागते, ह्याचे उत्तर लेखकांनी मोघम दिले आहे, आणि ते योग्यच आहे. पहिले काही आठवडे खेळ बिघडतो. काल ज्यांना हरविले त्यांच्याकडून आज हार खावी लागते, आणि त्या बेइज्जतीच्या भयाने दहांतले आठ जण जुन्या फटक्याकडे पळ काढतात. म्हणून ह्या काळात गुण मोजून खेळूच नये. टिल्डनला हिवाळा मिळाला. आपल्याकडे त्या कामी पावसाळा आहे. जून उलटला की मातीची कोर्टे बंद पडतात, क्लबाच्या स्पर्धा थांबतात, आणि चेंडूशिवाय आरशापुढे करावयाची शॅडो, छपराखालील भिंतीशी सर्व्हिस लाइनच्या अंतरावरून हळूहळू मारावयाचे फटके, जोडीदाराने हाताने टाकून दिलेले चेंडू, ह्यांवाचून खेळाडूस दुसरा उद्योग राहत नाही. ह्या पुस्तकातील सरावाचे वेळापत्रक ह्याच हिशेबाने आखलेले आहे, आणि पश्चिमेतील पुस्तकांत ते ह्या स्वरूपात मिळावयाचे नाही.

लेखकांशी माझा मतभेद आहे तो एकाच मुद्द्यावर. त्यांनी सेमी-वेस्टर्न पकडीची शिफारस सरसकट केली आहे. बारा वर्षांच्या मुलामुलींना ती निःसंशय लागू पडते, कारण त्यांचे टेनिस उंच उसळणाऱ्या हार्ड कोर्टांवर आणि नव्या रॅकेटींनी व्हावयाचे आहे. परंतु ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, जे वर्षानुवर्षे ईस्टर्न पकडीने खेळत आले आहेत, आणि ज्यांचे बहुतेक खेळणे सकाळच्या डबल्सपुरते, स्लाइस करणाऱ्या व जाळीपाशी धावणाऱ्या समवयस्कांशी होते, त्यांना गुडघ्याखालचे चेंडू आणि व्हॉली ह्यांसाठी दर फटक्यास मूठ दोन पैलू फिरवावी लागेल, आणि तेवढी फुरसत डबल्समध्ये कोणी देत नाही. अशा वाचकांनी दुसरे प्रकरण माहितीखातर वाचावे, पकड आहे तीच ठेवावी, आणि पायांच्या प्रकरणापासून कामाला लागावे.